वरची कोरी ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या दोघांना तर नाहीच. बरं, मी काही अबोल माणूस नाही. बसवकल्याणजवळच्या राजेश्वरच्या आसपासच्या दहा-बारा गावांत कुणाचाही सत्कार असू द्या — सूत्रसंचालन माझं, मानपत्राचा मजकूर माझा. आजवर अकरा जणांना मी भर सभेत ‘युगपुरुष’ म्हणालोय. त्यातले दोघे अजून एकाच नालीवरून भांडतात. अशा माणसाच्या पोटात काही राहिलं असेल, असं कुणाला वाटेल?

राहिलंय. वीस वर्षं राहिलंय. सांगतो — पण ते सरळ निघत नाही, जरा वळसा घेऊन येतो.

आधी जन्मतारखेचं बोलू. माझी जन्मतारीख एक जून. माझ्या दोस्ताची, मल्लूची, एक जून. आमच्या वर्गातल्या तेवीसच्या तेवीस पोरांची एक जून. त्याचं असं झालं, की आमच्या गावच्या मराठी शाळेला दोन वर्षं मास्तरच मिळाले नव्हते. कर्नाटकातली मराठी शाळा. तिला मास्तर मिळणं न मिळणं हे पावसासारखं असतं. पोरं घरीच वाढली. मग एके वर्षी एक म्हातारे हेडमास्तर आले, त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितलं. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं, शाळेत घ्यायला लायक — ही तेव्हाची तपासणी. आमचे हात कानाच्या खाली पार मानेपर्यंत पोचले, कारण आम्ही आठ वर्षांचे होतो. हेडमास्तर हसले, आणि पोरांची दोन वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी एका बैठकीत सगळ्यांना सहा वर्षांचं केलं. तारीख एकच — एक जून. चांगल्या मनानं केलेलं काम होतं ते. आजही एक जूनला गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर केकचा पूर येतो. खरा वाढदिवस कुणाचाच नसतो.

माझा आणि मल्लूचा खरा जन्म हुरड्याच्या दिवसांतला. पाच दिवसांचं अंतर. मी थोरला. दोघांची आई वेगळी, सुईण एकच.

मल्लू म्हणजे मल्लिनाथ. नाव ऐकलं असेल तुम्ही, किंवा नसेलही — कारण तो ज्या जागी खेळला ती जागा लक्षात राहण्याची नाही. डिफेन्सिव्ह मिडफिल्डर. बचाव करणाऱ्यांच्या पुढं आणि हल्ला करणाऱ्यांच्या मागं उभा राहणारा माणूस. त्यानं समोरच्याचा चेंडू काढून घ्यायचा, जवळच्या आपल्या माणसाला द्यायचा, आणि परत जागेवर. गोल त्याच्या नावावर लागत नाही. फोटोत तो कडेला असतो, बहुतेक वेळा पाठमोरा.

आणि फोटोत मधोमध असायचं हे माझं ठरलेलं होतं. मी गोल मारणारा. दत्ता बिरादार, नंबर दहा.

आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी, फार तर व्हॉलीबॉल. फुटबॉल आणला मठपती सरांनी. कलबुर्गीचे, पीटीचे मास्तर, बारीक आवाजाचे. शाळेला कारकून नव्हता, म्हणून रजिस्टरंही त्यांच्याच कपाटात. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी ते स्वतः चुन्याची फक्की टाकून मैदानाच्या रेघा आखायचे. पोरांना जागा नेमून देताना मला म्हणाले, “दत्तू, तू पुढं.” आणि मल्लूला म्हणाले, “तू राखणीला.”

ज्वारी दाण्यात आली की शेतातल्या माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलतात, ती राखण. मला हसू आलं होतं. रास झाल्यावर राखणदाराचं नाव कोण घेतं?

आता जळण्याकडे येतो. पुस्तकात ‘असूया’ म्हणतात, ‘मत्सर’ म्हणतात. मी पुष्कळ वाचलंय, मला हे शब्द लिहिताही येतात. पण आमच्याकडे ‘जळणं’ म्हणतात आणि तेच खरं आहे. छातीच्या खाली, बरगड्यांच्या फटीत काहीतरी धुमसत राहतं. जाळ दिसत नाही. भाजतं मात्र.

ते नेमकं कधी लागलं, तो क्षण मला ठाऊक आहे. विभागीय शालेय स्पर्धेची फायनल, कलबुर्गीत. आम्ही दोन-शून्यनं जिंकलो. दोन्ही गोल माझे. सामना संपल्यावर बेंगळुरूच्या एका अकादमीचे प्रशिक्षक आमच्याकडे चालत आले. मी त्यांना येताना पाहिलं. मोजे ओले होते, तरी मी उठलो. म्हणजे — अर्धा उठलो. कारण त्यांनी सरांना कन्नडमध्ये विचारलं, तो सहा नंबरचा पोरगा कोण?

मी तसाच वाकून मोजा वर ओढल्यासारखं केलं आणि खाली बसलो.

तुम्ही कधी अर्धे उठून परत बसलाय?

ते सरांना सांगत होते, की हा पोरगा फार पळत नाही, पण चेंडू जिथं येणार तिथं तो आधीच उभा असतो. हे शिकवून येत नाही. मल्लू बाजूला केळं खात होता. त्याला कळलंच नाही की आपल्याबद्दल चाललंय. हेच — हेच मला सहन होईना. त्याला मिरवता आलं असतं तर मी त्याला सहज माफ केलं असतं. मिरवणाऱ्यांना मी चांगला ओळखतो, त्यांच्यावर हसता येतं. पण जो केळं खातोय त्याच्यावर कसं हसायचं?

चार महिन्यांत मल्लूची राज्याच्या सोळा वर्षांखालच्या शिबिराला निवड झाली. तिथून पुढं देशाचा संघ निवडणार होते. सरांनी गळ्यातली शिटी काढून त्याच्या गळ्यात घातली. ती शिटी माझ्या गळ्यात यायची असं मी पाचवीपासून धरून चाललो होतो.

अर्जाला शाळेच्या दाखल-रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स लागत होती. जवळची झेरॉक्स बसवकल्याणला. सरांना तास होते. त्यांनी रजिस्टर कापडी पिशवीत घातलं आणि माझ्या हातात दिलं — मल्लूच्या नाही, माझ्या. मी वाचणारा पोरगा, माझ्यावर विश्वास. म्हणाले, “जपून आण रे दत्तू. सगळ्या गावाचं वय हाय त्यात.”

दुकानात मी ते पान उघडलं. एकाखाली एक तेवीस पोरं, तेवीस एक जून, हेडमास्तरांचं वळणदार अक्षर. सतरा नंबरला मी, अठरा नंबरला मल्लू. पहिली प्रत काढली. ती अर्जाची.

मग मी काउंटरवरच्या जुन्या वर्तमानपत्राची कोरी पांढरी कड फाडली. सतरा नंबरच्या ओळीवर नीट बसवली. आणि म्हणालो, अजून एक काढा.

दुकानदार म्हणाला, “वरचं नाव कामून झाकायलास?”

“ते चुकीचं हाय,” मी म्हणालो.

त्या दिवसात मी बोललेलं हे एकमेव खोटं. की खरं? अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मावशीकडे हुमनाबादला गेलो, तिथून पाकीट टाकलं. राज्याच्या संघटनेच्या कचेरीला. आत कन्नडमधल्या चार ओळी: या पानावरचा अठरा नंबरचा खेळाडू कागदावर दिसतो त्याहून दोन वर्षांनी मोठा आहे, एका वर्गातली सगळी मुलं एकाच दिवशी जन्मत नाहीत, चौकशी व्हावी. खाली सही — ‘एक हितचिंतक’. फ्लेक्सवर नेत्यांच्या पायाशी जो शब्द असतो, तोच.

पाहा — चिठ्ठीत एक अक्षर खोटं नव्हतं. मल्लू अठरा वर्षांचाच होता. मीही अठराचाच होतो. त्याच खोट्या तारखेवर मी स्पर्धा खेळलो होतो, आणि पुढं त्याच तारखेवर मास्तरकीची नोकरी धरली. अजून तीच तारीख खातोय. खऱ्या वयापेक्षा दोन वर्षं उशिरा निवृत्त होईन. सत्कार होईल. सूत्रसंचालनाला माणूस शोधावा लागेल तेवढा.

शिबिरात मल्लूच्या मनगटाचा एक्स-रे काढला. हाडाला एक जून माहीत नसतं. आठव्या दिवशी तो परत आला. सहा नंबरची जर्सी त्यांनी ठेवून घेतली होती, आणि वरून दोन वर्षांची बंदी. आळंदच्या बाजारात त्याच्या मामाचं तुरीचं दुकान होतं. तो तिथं पोती शिवायला लागला.

आणि मला काय वाटलं? खरं सांगू? पहिले दोन दिवस फार बरं वाटलं. झोप छान लागली. भूक लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेलो. सर रेघा आखत होते, खाली बघूनच. संघटनेनं ती झेरॉक्स खात्री करायला शाळेकडेच पाठवली होती, हे मला ठाऊक नव्हतं. सरांनी चुन्याचं घमेलं खाली ठेवलं, खिशातून घडी घातलेला कागद काढला, उलगडला आणि विचारलं —

“दत्तू, वरची ओळ कोरी कामून हाय रे?”

त्यांनी उत्तराची वाट पाहिली, असं म्हणता येत नाही. कागदाची घडी घातली, घमेलं उचललं, आणि राहिलेली रेघ पुरी केली. अगदी सरळ. पुन्हा त्यांनी तो विषय कधी काढला नाही. माझ्याजवळ नाही आणि कुणाजवळच नाही.

संघटनेनं विचारलं होतं, हे पान तुमच्याच रजिस्टरचं, खरं का? सरांनी लिहून दिलं — खरं. त्यांना खोटं लिहिता येत नसे. ते उत्तर गावात कुणीतरी वाचलं आणि गावानं निकाल लावला: सरांनीच कळवलं.

इथपर्यंत मी तुम्हाला जे सांगितलं तो माझा गुन्हा आहे असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटायचं. जळणारं पोरगं होतं, अठरा वर्षांचं, चुकलं. पण खरा गुन्हा त्यानंतरचा आहे, आणि तो एका वाक्याचा आहे.

मल्लू आळंदहून रविवारी यायचा. शाळेच्या कट्ट्यावर आम्ही बसायचो. एकदा त्यानं विचारलं, “दत्त्या, तू शिकल्याला हायस. खरं सांग. रजिस्टर कुणाच्या हातात असतंय?”

मी म्हणालो, “सरांच्याच की.”

बस्. पुन्हा एकदा मी खरंच बोललो. रजिस्टर सरांच्याच हातात असायचं. सगळ्या गावाला माहीत होतं. त्यानं मान हलवली. बोटांना सुतळीनं चरे पडले होते, ते चोळत बसला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सांत्वन मला तेव्हापासून चांगलं जमतं.

दुसऱ्या दिवशी मल्लूची आई, शांताक्का, सरांच्या दारात जाऊन उभी राहिली. “माझ्या लेकराचं वाटूळं केलाव, सर! तुमच्या पोटचं असतं तर केलं असताव का?” अख्खी गल्ली गोळा झाली होती. मीही होतो, मागं, लिंबाच्या झाडाला टेकून. सरांनी हात जोडले. त्यांना मी दिसलो. नजर माझ्यावर आली — आणि पुढं गेली. जशी कुठल्याही पोरावरून जावी तशी.

ते का बोलले नाहीत? मी अनेकदा विचार केला. एक पोरगा गेला, दुसरा तरी राहावा, असं त्यांना वाटलं असेल. किंवा मी त्यांना बोलण्याच्या लायकीचाच वाटलो नसेन. पहिलं कारण मला आवडतं, म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

पोरं मैदानावर यायची थांबली. सर तरीही काही महिने रेघा आखत राहिले. मोकळ्या मैदानाला पांढरी चौकट. मग एके दिवशी तेही थांबलं.

मल्लूनं बंदी भोगली आणि बेंगळुरू गाठलं. एका कचेरीच्या संघात घुसला, तिथून गोवा, तिथून कोलकाता. दहा वर्षं व्यावसायिक क्लबांत खेळला. पण उशिरा लागलेला माणूस तो. देशाच्या संघाच्या शिबिराला एकदाच बोलावणं आलं, तोवर त्याच्या जागी खेळणारे पोरगे त्याच्याहून सहा-सात वर्षांनी लहान होते. परत पाठवला. ती दोन वर्षं हातात असती तर? त्यानं हा प्रश्न कधी विचारला नाही. मी रोज विचारत होतो — आणि तरीही जळत होतो. हे कसं समजावू? मी ज्याचं नुकसान केलं त्याच्यावरच जळत होतो. त्याचे सामने मोबाइलवर बघायचो ते त्याच्या चुका शोधायला. पिवळं कार्ड मिळालं की चहा गोड लागायचा. वर्गात पोरं कौतुक करायला लागली की म्हणायचो, “अरे, त्या जागेवर काय, नुसतं उभं राहायचं असतं.”

पण बघता बघता मला दिसायला लागलं होतं. पुढच्या एखाद्या शहाण्यानं हौसेनं चेंडू घालवला की मागं मोकळं रान पडतं, आणि कॅमेरा तिथं पोचायच्या आत मल्लू तिथं असतो. दुसऱ्यानं केलेली घाण निमूट निस्तरतो, चेंडू त्याच शहाण्याला परत देतो. आणि मला आठवायचं — त्या फायनलला मी दोन गोल मारले, पण चेंडू किती वेळा घालवला होता? माझ्या मागं कोण होतं? जे मला अठराव्या वर्षी दिसायला हवं होतं ते पस्तिशीत कळलं, आणि कळल्यावर जळणं कमी झालं नाही. उलट वाढलं. आता त्याला कारण मिळालं होतं.

यंदाच्या हिवाळ्यात मल्लू दुखावलेला गुडघा घेऊन कायमचा परत आला. गावानं सत्कार ठरवला. शाळेच्या मैदानावर मांडव, पन्नास फुटी फ्लेक्स — मल्लूचा चेहरा नारळाएवढा, आमदारांचा हंड्याएवढा. मानपत्र मी लिहिलं. ‘एक जून रोजी आपला जन्म झाला’ असं मी स्वतःच्या हातानं लिहिलं. ‘गुरुजनांच्या मार्गदर्शनाखाली’ असंही लिहिलं. अनेकवचन फार सोयीचं असतं. त्यात कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही.

सरांना आमंत्रण नव्हतं. ते आले. सत्तरी ओलांडलेली, धुतलेला पांढरा शर्ट, शेवटच्या रांगेतली प्लास्टिकची खुर्ची.

मल्लूला फेटा बांधला होता, तो त्याला घट्ट होत होता. माईक त्यानं दोन्ही हातांनी धरला. “मला बोलाय येत न्हाई,” तो म्हणाला. “मी राखण केलो. दुसरं काय केलो न्हाई.” लोक हसले, टाळ्या पडल्या. मग तो थांबला. “एकच सांगतो. माझा कागद ज्यानं धाडला, त्येच्यावर लई वर्सं राग हुता. आता न्हाई. त्येला बी मी माफ केलोय.”

सगळा मांडव मागं वळला. सगळे. एकाच माणसाकडं बघायला.

सर उठले. घाईनं नाही. आपली खुर्ची त्यांनी उचलली, कडेला रचलेल्या खुर्च्यांवर नीट बसवली — पीटीच्या मास्तराची सवय — आणि फाटकाकडं चालायला लागले. मल्लूनं माईक माझ्या हातात दिला. त्याचा हात गरम होता. मांडव गप्प होता. असा गप्प मांडव मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता. मी जे बोललो असतो ते फाटकापर्यंत ऐकू गेलं असतं. सर अजून फाटकापर्यंत पोचले नव्हते.

मी म्हणालो, “यानंतर आभारप्रदर्शन.”

सर हयात आहेत. सकाळी फिरायला जातात, मैदानाच्या बाहेरून. मल्लू त्यांच्या समोरून जातो आणि बोलत नाही. हे छापून आलं की अंक मी स्वतः दोघांच्या घरी नेऊन देणार आहे. दारात थांबणार नाही.

झाकलेली ओळ ही होती:

अनुक्रमांक सतरा. बिरादार, दत्ता विठ्ठल. मुक्काम हेच गाव. जन्मतारीख एक जून.

खरा जन्म हुरड्याच्या दिवसांतला. मल्लूच्या आधी पाच दिवस.